नव्या सोफ्याचं कापड वास मारतंय? आधी वास नेमका कुठून येतोय ते शोधा

कापड नवं, शिवण नवी, आणि खोलीत पाऊल टाकताच नाकात काहीतरी उग्र शिरतं. सोफ्याच्या खोळी बदलून घेतलेल्यांकडून ही तक्रार माझ्याकडे सतत येते. तोवर घरात दोन गोष्टी हमखास झालेल्या असतात. कुणीतरी वरून सुगंधी फवारा मारलेला असतो, आणि सगळा दोष कापडाच्या माथी मारून झालेला असतो. फवाऱ्यामुळे मूळ वास ओळखणंच अवघड होऊन बसतं. कापडाचं म्हणाल तर ते बऱ्याचदा निर्दोष निघतं. वास असतो खालच्या फोमचा, गोंदाचा, नाहीतर सांगाड्यातल्या फळीचा. म्हणून पुढे दिलेला क्रम मोडू नका. सुरुवातीच्या तपासण्या फुकटच्या आहेत, आणि पुढे काय करायचं हे त्यांवरूनच ठरतं.

लक्षणं

वासाला आधी नाव द्या. "घाण वास येतो" एवढ्यावरून कुणालाच काही करता येत नाही.

- थिनरसारखा, गोडसर, डोकं जड करणारा: फोम आणि कापड चिकटवायला वापरलेलं सोल्युशन.
- रॉकेलसारखा किंवा तेलकट: छापील सुती कापड (छपाईची खळ), किंवा ताग. तागाचे धागे मऊ करायला गिरणीत खनिज तेल लावतात, त्यामुळे तागमिश्रित कापडाला आणि बैठकीखालच्या गोणपाटालाही हा वास असतो.
- रबरी, नव्या गालिच्यासारखा: कापडाच्या पाठीवरचा लॅटेक्सचा लेप.
- माशासारखा: अमाइन गटातली रसायनं. फोम तयार करताना ती लागतात, आणि कापड मऊ करणाऱ्या काही द्रव्यांतही असतात.
- वास फारसा नाही, पण डोळे झोंबतात, घसा खवखवतो: फॉर्मल्डिहाइड. हा वायू फळ्यांच्या गोंदातून आणि काही सुती कापडांवरच्या रेझिनमधून सुटतो.
- सडक्या अंड्यासारखा, विशेषतः काळ्या किंवा गडद सुती कापडाला: गंधकी रंग नीट धुतला गेलेला नाही.
- कुबट, ओलसर: बुरशी, किंवा बुरशीची तयारी.
- ओल्या लोकरीचा, जनावरासारखा: कापडात लोकर आहे. हा दोष नव्हे, हवा कोरडी झाली की तो आपोआप दबतो.
- करपट, जळक्या प्लास्टिकचा, आणि सोफा मोटरवर चालणारा: इथेच थांबा, प्लग काढा. हे कापडाचं प्रकरण नाही.

वास कोणता आहे याइतकंच तो कसा वागतोय हेही बघा. रोज थोडा थोडा कमी होतोय? मग तो उडून जाणाऱ्या द्रव्याचा आहे, वेळ आणि हवा मिळाली की जाईल. दमट दिवशी वाढतो आणि कोरड्या दिवशी दबतो? मग पाण्याशी संबंध आहे: फॉर्मल्डिहाइड, गंधकी रंग, लोकर किंवा बुरशी. आठवडे उलटले तरी जसाच्या तसा आहे, किंवा वाढतोय? तर आत कुठेतरी ओल आहे, नाहीतर काहीतरी विघटित होतंय. माझ्या मते हा कल वासाच्या नावापेक्षाही जास्त बोलका असतो.

एक सावधगिरी. नाक लवकर सरावतं. त्याच खोलीत बसून "आता कमी वाटतंय" म्हणण्याला अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत थांबा, मग आत येऊन पहिल्या दोन श्वासांत ठरवा. घरात न राहणाऱ्या माणसाला हुंगायला लावलं तर अधिक चांगलं.

१. आवरण आणि पुड्या

सोफ्याच्या पायांवर, तळाशी, पाठीमागे पारदर्शक प्लास्टिक राहिलंय का बघा. राहिलेलं बरंच सापडतं. गादीच्या खोळीच्या आत, फोमभोवतीही पातळ पिशवी असू शकते. ती काही वेळा खोळ सहज सरकावी म्हणून मुद्दाम ठेवलेली असते, म्हणून ती ओढून फाडू नका. चेन उघडून नुसती खात्री करा. बाहेरचं प्लास्टिक मात्र आजच काढा. कारखान्यात कोंडलेली हवा त्याच्या आत तशीच राहिलेली असते.

त्याच वेळी कोपऱ्यांत, खिशांत, तळाच्या अस्तरामागे पुड्या आहेत का तेही पाहा. आत खडीसाखरेसारखे कण असलेल्या सिलिका जेलच्या पुड्या निरुपद्रवी असतात. पण नाव-गाव नसलेल्या, पांढऱ्या भुकटीच्या पुड्या निघाल्या तर हात न लावता, पिशवीत घालून बाजूला ठेवा. बुरशी रोखायला डायमिथाइल फ्युमरेट नावाचं रसायन सोफ्यांत घातलं जायचं. अंगाच्या उबेने त्याची वाफ कापडातून वर यायची आणि माणसांच्या त्वचेवर भाजल्यासारखे चट्टे उठायचे. युरोपात असे बरेच रुग्ण आढळल्यावर 2009 मध्ये युरोपीय संघाने अशा मालावर बंदी घातली. सोफ्यावर बसल्यावर पाठीला, मांड्यांना खाज किंवा लाल चट्टे येत असतील तर वासाचा विचार सोडा आणि ही तपासणी सगळ्यात आधी करा.

२. हवा, पण नीट

"खिडकी उघडी ठेवली होती" असं सगळेच सांगतात. एका खिडकीने हवा फारशी फिरत नाही. समोरासमोर दोन वाटा हव्यात, आणि पंखा खिडकीकडे तोंड करून, खोलीतली हवा बाहेर फेकेल असा ठेवायचा. सुट्या गाद्या, उशा काढून उभ्या करा, दोन्ही बाजूंनी वारा लागला पाहिजे. चेन असतील तर पूर्ण उघडा. सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढा. पाठीमागचा भाग सगळ्यात जास्त कोंडलेला असतो.

उबेत ही द्रव्यं लवकर उडतात, त्यामुळे उकाड्याच्या दिवशी वास वाढल्यासारखा वाटतो. तो वाढत नसतो, निघून जात असतो, फक्त खिडक्या उघड्या हव्यात. म्हणून गाद्या उबदार पण सावलीच्या जागी ठेवा. थेट उन्हात नकोत. रंग उतरतो, रेशीम आणि व्हिस्कोस कमजोर होतात, आणि एकाच बाजूला ऊन लागलं तर तो फिका पट्टा कायमचा बसतो. त्या पट्ट्यावर माझ्याकडेही उपाय नाही.

सोल्युशनचा, रॉकेलचा, लॅटेक्सचा वास बहुतेक वेळा इथेच संपतो. लॅटेक्सच्या वासामागे मुख्यतः फोर-फेनिलसायक्लोहेक्सीन नावाचं द्रव्य असतं. ते नाकाला अगदी अत्यल्प प्रमाणातही कळतं, त्यामुळे वास तीव्र म्हणजे प्रमाण भरमसाट, असं समजू नका. दोन-तीन आठवडे रोज हवा द्या आणि कल बघा. तोवर त्या खोलीत कुणी झोपू नये.

३. दाबून बघा

याला एक मिनिट लागतं. गादीवर तळहात ठेवून जोरात दाबा आणि नाक चेनपाशी किंवा शिवणीपाशी न्या. फोम भात्यासारखा आतली हवा बाहेर फेकतो. दाबताच भपकारा आला तर वास फोमचा किंवा आतल्या गोंदाचा आहे, कापड धुऊन काही मिळणार नाही. दाबल्यावर फरक नाही, पण कापडाला नाक टेकवलं की वास येतो, तर संशय कापडावर. दोन्ही ठिकाणी नाही, पण सोफ्याखाली वाकलं की येतो, तर सांगाडा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) फळ्या बऱ्याचदा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने बांधलेल्या असतात, आणि उब व ओल वाढली की त्या जास्त वायू सोडतात. डोळे झोंबण्याच्या तक्रारीत मी तरी कापडाआधी या फळ्या तपासतो, विशेषतः कापलेल्या, न झाकलेल्या कडा.

४. बरणीची परीक्षा

अजूनही नक्की होत नसेल तर ही परीक्षा करा. दुकानदाराशी वाद घालायलाही ती उपयोगी पडते, कारण सोफा दुकानात नेता येत नाही, बरणी नेता येते.

झाकणाच्या काचेच्या चार बरण्या घ्या, साध्या पाण्याने खळखळून धुऊन पूर्ण वाळवा. साबणाचा वास राहिला तर सगळं फुकट. पहिलीत कापडाची दोन बोटं रुंद पट्टी घाला. दुसरीत तशीच पट्टी, पण तीवर पाण्याचे चार-पाच थेंब. तिसरीत फोमचा तुकडा. चौथी रिकामी. ती रिकामी बरणी टाळू नका. झाकणाच्या रबराचाच वास असतो आणि लोक तो कापडाला चिकटवतात. झाकणं घट्ट लावून रात्रभर उबदार कोपऱ्यात ठेवा आणि सकाळी नाक ताजं असताना एकेक उघडून हुंगा. दोन बरण्यांमध्ये थोडा वेळ जाऊ द्या.

नमुना कुठून आणायचा? काम कारागिराकडून करून घेतलं असेल तर कतरण मागा, ती असतेच. तयार सोफा असेल तर तो आडवा करा; तळाच्या काळ्या अस्तराच्या कडेला, स्टेपलच्या पलीकडे कापडाची जादा पट्टी निघते, ती घ्या. फोम गादीच्या मागच्या कोपऱ्यातून, आतल्या बाजूने चिमूटभर. मात्र परतीची मुदत चालू असेल तर कात्री लावू नका, आधी विक्रेत्याला कळवून त्याच्याकडून नमुना मागवा.

अर्थ असा लावा. कोरड्या पट्टीलाच जोरदार वास: तेल, छपाईची खळ किंवा लेप, म्हणजे हवा हाच उपाय. कोरडीला नाही पण ओलीला आहे: फिनिश (कापडावर शेवटी चढवलेलं रसायन), रंग किंवा लोकर, म्हणजे धुण्याचा विचार करता येईल. फक्त फोमला: कापडाला हात लावू नका. कशालाच नाही: गोंद किंवा फळी.

ओल्या बरणीत सडक्या अंड्याचा वास आला तर आणखी एक गोष्ट करा. त्या कापडाचा एक धागा काढून ओढा. गंधकी काळा रंग साठवणीत आम्ल तयार करू शकतो आणि सूत कुजतं. धागा सहज तुटत असेल तर वास घालवण्यात वेळ दवडू नका, ते कापड टिकणारच नाही. बदलून मागा.

५. वासानुसार उपाय

आधी सोफ्यावरचं लेबल वाचा. "डब्ल्यू" म्हणजे पाण्याने चालेल, "एस" म्हणजे फक्त सॉल्व्हंट, "डब्ल्यूएस" म्हणजे दोन्ही, "एक्स" म्हणजे केवळ व्हॅक्यूम किंवा ब्रश. एक्स असेल तर हा आणि पुढचा भाग तुमच्यासाठी नाही. कोणताही द्रव लावण्याआधी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी लावून पूर्ण वाळू द्या, डाग किंवा कडा उमटते का बघा.

माशासारख्या वासाला व्हिनेगर. एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, बारीक फवारा, कापड नुसतं ओलसर व्हावं एवढाच. अमाइन अल्कधर्मी असतात, आम्लाशी त्यांचा क्षार बनतो आणि क्षार हवेत उडत नाही. व्हिनेगरचा स्वतःचा वास वाळल्यावर जातो. या वासावर खाण्याचा सोडा टाकायचा नाही. सोडाही अल्कधर्मीच, त्यामुळे बांधलेला वास परत सुटू शकतो. आधी सोडा टाकून झालाय आणि वास वाढलाय, अशी उदाहरणं माझ्याकडे नेहमी येतात. आणि व्हिनेगर ब्लीचसोबत कधीही वापरू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

आंबूस वासाला मात्र सोडा बरा. कोरड्या कापडावर पातळ थर, काही तास, मग व्हॅक्यूम. मखमल आणि चेनिलवर टाळा, लवेत अडकून बसतो आणि महिनोन्‌महिने पांढरी धूळ निघत राहते.

थिनर, तेल, लॅटेक्स यांच्यासाठी सक्रिय कोळसा. सेंद्रिय वाफा तो धरून ठेवतो. उघड्या ताटलीत ठेवून फार उपयोग होत नाही. गाद्या एका मोठ्या पेटीत किंवा चादरीखाली घेऊन कोळशाच्या कापडी पिशव्या शेजारी ठेवा. फॉर्मल्डिहाइडवर साधा कोळसा कमी पडतो, तिथे त्यावर विसंबू नका.

६. खोळ धुणं

चेन आहे म्हणजे खोळ धुता येते, असा सर्रास समज आहे. चेन बहुतेक वेळा फोम आत घालता यावा म्हणून असते. कापड आटलं तर ती खोळ परत चढत नाही, आणि पाठीवरचा लेप गरम पाण्यात सुटतो. काही लेप ड्रायक्लीनच्या सॉल्व्हंटनेही फुगतात. लेबल परवानगी देत असेल तरच, थंड पाणी, सौम्य आणि बिनवासाचा साबण, सावलीत वाळवण. एक खोळ धुऊन चढवून बघा, मग बाकीच्या.

धुण्याचा खरा फायदा फॉर्मल्डिहाइड आणि गंधकी रंगाच्या बाबतीत होतो. सुरकुत्या न पडणाऱ्या सुती कापडावर जे रेझिन असतं, त्यात फॉर्मल्डिहाइड मोकळा राहिलेला असतो. तो पाण्यात सहज विरघळतो, म्हणून एक-दोन धुण्यांत चांगला फरक पडतो. रेझिन ओलीने हळूहळू आणखी सोडत राहतं हेही खरं, तेव्हा दमट दिवसांत थोडी झोंब परत जाणवली तर चकित होऊ नका. पुढच्या वेळी कापड निवडताना ओएको-टेक्स 100 चं, म्हणजे घातक रसायनांसाठी कापड तपासल्याचं लेबल बघा. थेट अंगाला लागणाऱ्या कापडासाठी त्यात फॉर्मल्डिहाइडची मर्यादा किलोला 75 मिलिग्रॅम आहे.

७. तळ उघडणं

शेवटचा घरगुती उपाय. सोफा आडवा करून तळाचं काळं अस्तर एका बाजूने सोडवा. स्टेपल पेचकसाने हळू उचला, ओढू नका, अस्तर फाटलं की परत ठोकताना ताण येतो. आतल्या पोकळीत अडकलेली हवा मोकळी होते, शिवाय ओल, बुरशीचे ठिपके, सोल्युशनचे न वाळलेले जाड ओघळ डोळ्यांना दिसतात. ओघळ बोटाला अजून चिकट लागत असतील तर तुमचं कारण सापडलं. दोन-चार दिवस तळ उघडाच ठेवून पंखा लावा.

कुबट वास असेल तर खोलीतली सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली आणा, नाहीतर काहीही केलं तरी बुरशी परत येईल. फोमवरच ठिपके दिसले तर तो फोम स्वच्छ होत नाही. बदलावा लागतो.

हे करू नका

वाफेचं यंत्र: गरम वाफ रेझिनमधून फॉर्मल्डिहाइड सोडवते आणि फोममध्ये पाणी कोंबते. दोन दिवसांत आत वाळलं नाही तर तिथे बुरशी धरते. ओझोन यंत्र भाड्याने आणणं: ओझोन फुप्फुसांना घातक आहे, रबर आणि लॅटेक्स त्याने चिरतात, आणि काही सुगंधी द्रव्यांशी संयोग होऊन उलट फॉर्मल्डिहाइडच तयार होतं. सोल्युशनचा वास असलेल्या खोलीत उदबत्ती, मेणबत्ती, धूप काही पेटवू नका, त्या वाफा ज्वालाग्राही असतात.

कुठे थांबायचं

दम लागतोय, छातीत घरघर, डोळ्यांतून पाणी, डोकेदुखी, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटतं: सोफा त्या खोलीतून हलवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात दमेकरी, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर त्रास सुरू होण्याची वाट बघू नका. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, आणि घरातल्या हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम (अर्ध्या तासाची सरासरी) आहे. नाकाने ही पातळी ठरवता येत नाही. झोंब थांबत नसेल तर घरातल्या हवेची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडून मोजून घ्या.

बुरशी एक चौरस मीटरपेक्षा जास्त पसरली असेल, किंवा फोमच्या आत गेली असेल, तर व्यावसायिक सफाईवाल्याला बोलवा. घरी घासल्याने तिचे बीजाणू खोलीभर उडतात. सांगाड्याची फळी दोषी निघाली तर अनुभवी कारागीर उघड्या कडा आणि पृष्ठभाग सील करून देतो किंवा फळी बदलतो. त्यासाठी सोफा उसवावा लागतो, ते घरी करू नका. रिक्लायनरच्या, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या सोफ्याच्या करपट वासासाठी इलेक्ट्रिशियन किंवा कंपनीचा माणूस.

आणि नीट हवा देऊनही महिनाभरात वास घटला नाही, तर विक्रेत्याकडे जायची वेळ झाली. पण त्याआधी मुदत बघा, आठवड्याभराची असेल तर महिनाभर थांबू नका. पहिल्याच दिवसांत लेखी कळवून ठेवा आणि मग हवा देत बसा. खोळ धुतली, फवारे मारले, तळ उसवला की विक्रेत्याला नाही म्हणायला कारण मिळतं, म्हणून परत करायचा विचार असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीवरच थांबा. विक्रेत्याने पाठवलेला नमुना झाकणबंद बरणीत, तारखेची चिठ्ठी लावून ठेवा, आणि सोबत बिल व लेबलचा फोटो.